प्राणहितेतली हजेरी

अंगात येणं, झपाटणं यावर माझा कधीच विश्वास नव्हता. मी नर्स आहे. आमचं घर बौद्ध, आणि बाबांनी आरमोरीच्या शाळेत आयुष्यभर विज्ञान शिकवलं. तरीही हे लिहितेय...

माझी ड्युटी सिरोंच्याकडे, प्राणहिता नदीच्या काठच्या एका गावात आहे. पलीकडे तेलंगणा. गेल्या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदाच माझ्याकडे आले होते. पलीकडच्या गावात माझ्या मैत्रिणीच्या बाळाचं बारसं होतं. त्या दिवसांत आमच्या घाटावर पाणी जेमतेम घोट्याएवढं. लोक चालतच नदी ओलांडतात. आम्हीही सकाळी तसेच गेलो आणि जेवून दुपारी परत निघालो.

नदीच्या मधोमध बाबा थांबले. मागे वळले, पलीकडच्या काठाकडे तोंड करून पाण्यातच खाली बसले.

"बाबा, उठा न. ऊन लागून राह्यलं."

"माझी माणसं अजून पलीकडे आहेत. त्यांना सोडून मी यायचा नाही."

बाबा जन्मभर 'मले-तुले' बोलणारे... हा आवाज त्यांचा नव्हता, आणि ही बोलीही त्यांची नव्हती. मी हात धरून ओढलं, हलले नाहीत. हृदयाचं ऑपरेशन झालेला माणूस, डोक्यावर ते ऊन. नाडी पाहिली, पळत होती. शेवटी काही सुचेना म्हणून मी म्हटलं, "सगळे आले. सगळे परत आले."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं.

"नावं घे."

आणि मी नावं घेऊ लागले. कुठून येत होती, माहीत नाही. एकही ओळखीचं नव्हतं. प्रत्येक नावाला बाबा मान हलवत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. नावं संपली तसे ते आपणहून उठले. "काऊन बसवलं व मले पाण्यात?" — नेहमीचा आवाज.

काठावर जाळं विणत बसलेल्या गावातल्या एका म्हाताऱ्या भाऊंना मी सगळं सांगितलं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं.

"लय जुनी गोष्ट हाये, बाई. एक सरदार फौज घेऊन पलीकडं लुटाले गेला होता. परतताना पूर आला. तो अलीकडं निघाला, त्याची माणसं नाई निघाली. याच घाटावर वाट पाहत बसला म्हणते, मरेपर्यंत."

ही गोष्ट आम्ही दोघांनीही त्याआधी ऐकलेली नव्हती.

डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. असेलही. पण मग ती नावं? बाबांना त्यातलं काहीच आठवत नाही. मलाही आता एकसुद्धा नाव आठवत नाही.

मैत्रिणीला सांगितलं तर ती बाळाला थोपटत राहिली. मग म्हणाली, "त्या लुटीत आमच्या गावचेही मेले असतील ना. त्यांची नावं कोणी विचारली?"