सावधान नसलेलं मंगलाष्टक

नागपुरात न लिहिलेल्या कवितांची स्पर्धा भरली, तर पहिला नंबर माझ्या मामेसासऱ्यांचा येईल आणि दुसऱ्या नंबराला कुणी उरणार नाही. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून ते निवृत्त झाले, पण स्वतःला ते कवीच समजतात, आणि कवितेसाठी त्यांची अट एकच आहे: ओळ अशी हवी, जी आधी कुणी म्हटलेली नाही. या अटीमुळे लेखन जवळजवळ होतच नाही. चंद्र, फुलं, पाऊस यांना त्यांच्याकडे प्रवेश नाही. "हात लागून लागून मळला तो चंद्र," असं ते म्हणतात. संत्र्यावर तर नागपूरकरानं लिहूच नये, हा त्यांचा नियम. दुसऱ्याची कविता ते वाचत नाहीत, कारण चांगली ओळ एकदा आत शिरली की आपली म्हणून बाहेर येते. कविसंमेलनाला बोलावलं तर जातात, पण कानांत कापूस घालून बसतात. त्यामुळे नाव पुकारलेलं कळत नाही आणि शेजारच्या कवीला त्यांना ढोसावं लागतं. एकदा तर त्यांनी कापसासकटच कविता म्हटली आणि टाळ्या पडल्याच नाहीत अशी समजूत करून घेऊन घरी आले.

ओळ सुचली की ती तपासून घ्यायची. दूधवाला, भाजीवाली, शेजारी, जो दिसेल त्याला ऐकवायची आणि विचारायचं, "हे कुठं ऐकलं का गा?" कुणी नुसती मान हलवली तरी ओळ रद्द. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी कूलरच्या वाळ्यावर कविता केली होती. दुपारभर पाणी पिऊन संध्याकाळी नदीकाठचा वास परत करणारा वाळा. मला ती मनापासून आवडली होती. पण पानठेल्यावरचा एक जण म्हणाला, "ऐकल्यासारखं वाटून राहिलं." मामाजींनी तिथंच कागद फाडला. त्या माणसानं ती कविता आदल्या संध्याकाळी मामाजींकडूनच ऐकली होती.

माझ्या सासूबाई, म्हणजे त्यांची मोठी बहीण, त्यांना सोडत नाहीत. हे घराणं मूळचं विणकरांचं. "आपल्या बाबानं मागावर जिंदगीभर एकच किनार विणली," त्या म्हणतात. "कोणी म्हटलं का त्याइले, कोणाची चोरली म्हणून?"

"ते लुगडं होतं, बाई."

"मंग? लुगडं नेसता तरी येत होतं."

मग मामाजींच्या एकुलत्या एक लेकीचं लग्न ठरलं. मामी काही वर्षांपूर्वी गेल्या, त्यामुळे सगळी व्यवस्था माझ्याकडे आली. याद्या करणं माझ्या आवडीचं काम. मंडप, भांडी, वडाभात, वाजंत्री, सगळ्यांपुढे खुणा झाल्या. मंगलाष्टक तेवढं राहिलं. लेकीनं दागिना मागितला नव्हता. "माझ्यासाठी एक तरी कविता पुरी करा, बाबा," एवढंच ती म्हणाली होती, आणि ते त्यांच्या फार मनाला लागलं होतं. ते लिहीत आणि फाडत. 'सावधान' तर त्यांनी पहिल्याच दिवशी काढलं, कारण ते सगळेच म्हणतात.

"मामाजी, मग लोक अक्षता कधी टाकतील?" मी विचारलं.

"समजते लोकाइले," ते म्हणाले.

लग्नाच्या आदल्या सकाळी ते कागद घेऊन माझ्याकडे आले आणि शेवटची ओळ हळूच वाचली: "पोहचली का फोन करजो, नाही केला, तं समजीन मी, जेवून राहिली."

"आपोआप आली," ते म्हणाले. चेहरा उजळला होता. "खरं सांग सूनबाई, हे कुठं ऐकलं का?"

ऐकलं होतं. त्या घरातून निघणाऱ्या प्रत्येकाला मामी दारात उभ्या राहून हेच सांगत. कापूस संमेलनापुरता होता, घरी मामाजींचे कान उघडेच असत. मी नाही म्हणाले असते तर कविता फाटण्यापासून वाचली असती. पण खोटी तपासणी त्यांना चालली नसती, आणि लेक मांडवात ओळखणारच होती.

"ऐकलं आहे," मी म्हटलं. "मामी म्हणायच्या."

त्यांनी सवयीनं कागद दोन्ही हातांत धरला. मला वाटलं, संपलं. पण कागद फाटला नाही. "हो," ते म्हणाले, "तिचीच आहे." मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली. "राहू दे."

दुसऱ्या दिवशी मांडवात त्यांनी माईक घेतला. ना ओळखीची चाल, ना सावधान. शेवटची ओळ संपली तरी सगळा मांडव मुठीत अक्षता धरून उभाच. वाजंत्री भटजींकडे बघत होते, भटजी मामाजींकडे. सासूबाई पुटपुटल्या, "झालं का गा?" तेवढ्यात अंतरपाटाच्या पलीकडून लेकीचा आवाज आला, "करीन ना, बाबा."

पहिली मूठ सासूबाईंची सुटली. मग सगळ्यांच्या.

लेक आता बेशाला, म्हणजे नागपूरच्याच कडेला, राहते. बेसा काही परदेश नव्हे, तरी माहेराहून परतली की ती फोन करते. मामाजी अजून लिहितात, अजून फाडतात, कापसाची पुडी खिशात असतेच. परवा मी त्यांच्याकडून निघाले, तर ते दारापर्यंत आले आणि मामी उभ्या राहत तिथंच उभे राहिले. "पोहचली का फोन करजो," म्हणाले. कुठं ऐकलं का, ते मात्र विचारलं नाही.

घरी पोचल्यावर मी फोन हातात घेतला आणि न लावताच ठेवून दिला. म्हटलं, समजू दे त्यांना, जेवून राहिली.