गाठोड्यातली चुंबळ

ती गोष्ट आठवली की अजूनही हातातलं काम थांबतं. मी अकोल्याच्या एका पोलीस ठाण्यात झाडूपोछ्याला होते. आता निवृत्त आहे. शिक्षण चौथी. ठाण्यात लागण्याआधी नऊ वर्षं बांधकामावर घमेली वाहिली. कोणी विचारलं तरच बोलायची.

एका दुपारी सरकारी दवाखान्यातून फोन आला. तिसऱ्या मजल्याला बांधलेल्या बांबूच्या परांचीवरून एक बाई पडली होती. जिवंत होती, पण शुद्ध नव्हती. ठाणेदार साहेबांनी जागेचा पंचनामा केला आणि तिच्या नवऱ्याला जबाबासाठी आणलं. तो तिथंच मिस्त्री होता. ठेकेदारही सोबत आला.

"ते कामाले नव्हती साहेब," नवरा म्हणाला. "मले डबा द्याले आली, अन् आपल्या मनानं वर चढली."

ठेकेदार मान हलवत होता. हा जबाब टिकला असता तर चूक त्या बाईचीच ठरली असती. ना गुन्हा, ना तिच्या उपचाराची भरपाई.

दुसऱ्या दिवशी तिच्या कपड्यांचं गाठोडं आलं. महिला शिपाई बंदोबस्ताला गेली होती, म्हणून साहेबांनी पंचांसमोर ते मला सोडायला लावलं. रक्तानं कडक झालेल्या साडीतून चुंबळ निघाली, डोक्यावर ओझ्याखाली ठेवतात ती कापडाची गुंडाळी. जमादारांनी लिहिलं, फाटक्या कापडाचा बोळा, एक.

"बोळा नाही, चुंबळ आहे," मी म्हणाले.

"मावशी बोलल्या," जमादार हसले. "हेही लिहून घेऊ का?"

"घ्या. हिच्यावर सिमेंट वाळलंय. डब्याखाली सिमेंट येत नाही. ती घमेलं वाहत होती."

जमादारांनी 'बोळा' खोडून 'चुंबळ' लिहिलं.

साहेबांनी दोघांना पुन्हा बोलावलं, ठेकेदाराला बाहेर बसवलं आणि चुंबळ नवऱ्यापुढं ठेवली. त्यानं ती उचलून हातात घेतली.

"परांचीची एक गाठ सैल होती," तो म्हणाला. "सकाळीच ठेकेदाराले सांगतलं. तो म्हने, काम थांबवाचं नाही, सांजेले बांधू."

"मग तिला वर कोणी पाठवलं?"

"म्याच. म्हनलं, तू हलकी हायेस, तूच जाय."

साहेबांनी ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतलं. मी गाठोडं पुन्हा बांधायला घेतलं.

ठेकेदारावर गुन्हा दाखल झाला. बाई वाचली, पण पुन्हा पायांवर उभी राहिली नाही.

पुरावा समोरच पडलेला असतो. तो ओळखायला ते काम केलेलं माणूस लागतं, हे मी त्या दिवशी शिकले. दुसरं जे कळलं ते कोणाला सांगितलं नाही. आमचे हेही मिस्त्रीच होते. हलती फळी आली की हसून म्हणायचे, "तू हलकी, तू हो पुढं."

मला ते कौतुक वाटायचं.