बसली का?

गाद्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या बाईला सगळे गादी म्हणतात, यात कुणाला नवल वाटणार नाही. पण हिच्या बाबतीत नाव आधीचं आणि नोकरी नंतरची. नाव धाकट्या भावानं ठेवलं होतं, तो शाळेत जायला लागला तेव्हा. घरात सायकल एकच आणि ती त्याच्यासाठी घेतलेली. पण चालवायची हिनं आणि मागे कॅरिअरवर ऐटीत बसायचं त्यानं. चढ लागला की तो टाचांनी तिच्या कमरेत ढोसायचा आणि म्हणायचा, चल गादी. गल्लीनं नाव उचललं, मग शाळेनं, लग्नानंतर सासरनंही. पुढे तिला गाद्यांच्या कारखान्यातच काम लागलं. दैवाला विनोदाची हौस फार, फक्त तो नेहमी त्याच त्या माणसांवर होतो.

कारखान्यात तिचं काम कडेचं होतं. स्प्रिंग, फोम आणि वरचं कापड रचून झालं की गादी तिच्या टेबलावर यायची, आणि ती चारी बाजूंनी पट्टी शिवून गादीचं तोंड बंद करायची. आत काय भरलंय ते मग कुणाला दिसत नाही. चांगली गादी आणि चिंध्यांची गादी, कड एकदा नीट शिवली की दोघी सारख्याच. हात तिचा असा बसलेला की सुपरवायझरसुद्धा तिच्या शिलाईवर बोट फिरवून गुपचूप पुढे जायचा. तिच्या अंगाबद्दल मात्र तो गप्प बसत नसे. नवीन मुलींना तो सांगायचा की ह्या बाईंना टेबलावर ठेवू नका, पट्टी लागून जाईल. मुली हसायच्या. तीही हसायची, कारण न हसणाऱ्या जाड बाईला लोक जास्त छळतात, हे तिला पाठ होतं.

अशात धाकट्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. तो आठवड्यातून तीनदा दवाखान्यात मशीनला लागायला लागला, काळवंडला, पाय सुजले, नोकरी सुटली. घरात बैठक बसली. आईला साखरेचा आजार, तेव्हा ती बाद. भावजयीचा रक्तगट जुळत नाही असं भावजय म्हणाली आणि सगळ्यांनी ते ऐकून घेतलं. उरली गादी. तिचं रक्त जुळलं, पुढचं सगळंही जुळलं. जन्मात पहिल्यांदा तिच्यातलं काहीतरी धाकट्याच्या तोलाचं निघालं.

फक्त डॉक्टरीणबाई म्हणाल्या की वजन फार आहे आणि रक्तदाब काठावर. एवढ्या वजनावर यांची किडनी काढणं यांच्याच जिवाला धोक्याचं. वजन उतरवा, मग बघू. आई तिथेच, डॉक्टरीणबाईंच्या समोर म्हणाली, ही काय उतरवते, हिच्या पोटाला तळ नाही. धाकटा खिडकीबाहेर बघत होता. गादी म्हणाली, "उतरवते."

तिला द्यायची होती. हे नीट सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक म्हणतील की तिच्या मनात आधीपासून काळंबेरं होतं. तसं नव्हतं. ज्या घरात आपण कायम जागा अडवली, त्या घराला आपली गरज पडली, या सुखानंच ती आठवडाभर नीट झोपली नव्हती.

पण व्यायामाला वेळ आणायचा कुठून? सकाळी सासऱ्यांची अंघोळ, पोरीचा डबा, नवऱ्याची रात्रपाळी संपलेली म्हणून त्याचं गरम खाणं. संध्याकाळी बाजार, धुणं, पोरीचा अभ्यास. दिवस असा गच्च भरलेला की त्यात टाचणी शिरणार नाही. मोकळा वेळ एकच, बसमधला, तोही उभ्यानं लोंबकळण्यात जायचा. तिनं तोच उचलला. जिन्याखालची नवऱ्याची गंजकी सायकल बाहेर काढली, चाकांत हवा भरली आणि कारखान्याच्या फोमचा एक कापलेला तुकडा सीटवर बांधला. सुपरवायझरनं पहिल्याच दिवशी फाटकात बघितलं आणि गादीवर गादी बसली असं जाहीर केलं. ते आठ दिवस पुरलं.

रस्त्यात रेल्वेच्या रुळांवरचा पूल होता. पहिल्या दिवशी पुलाच्या निम्म्यावर तिचा श्वास गेला, ती उतरली आणि सायकल ढकलत गेली. मागून भाजीची हातगाडी तिला मागे टाकून पुढे गेली. पाय जमिनीला टेकावेत म्हणून तिनं सीट खाली केली होती, त्यानं गुडघे सुजले. मग सीट वर घेतली तेव्हा दोनदा आपटली. कारखान्याच्या संडासात बादलीभर पाण्यानं अंग पुसून, कोरडे कपडे चढवून ती टेबलाशी उभी राहायची. संध्याकाळी हँडलला बाजाराच्या पिशव्या अडकवून तोच पूल उलट्या बाजूनं. हळूहळू तिनं आपली आपण रीत बसवली. एका खांबापासून पुढच्या खांबापर्यंत जीव खाऊन मारायची, मग दोन खांब दमानं. बाजार करायलाही ती मुद्दाम पुलापलीकडे जाऊ लागली. घासाघासानं खाणं कमी केलं.

आणि रविवार यायचा. रविवारी माहेरी हजेरी. आई पलंगाखालून वजनकाटा ओढायची, दाराजवळ ठेवायची, आणि चहा विचारायच्या आधी लेकीला त्यावर उभी करायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेल्या आकड्यावर आईनं लाल टिकली चिकटवली होती. आईला वाकता येत नसे, म्हणून सुई टिकलीच्या आत बसते का ते बघायला भावजय वाकायची. आई विचारायची, "बसली का?"

"नाही बसत," भावजय म्हणायची. मग उठताना हळूच, "वन्सं, रात्रीचं बंदच करा ना."

मग जेवायला बसल्यावर सगळं घर तिच्या ताटात बघायचं. दुसरी वाढ घेतली की आईचा हात वाडग्यावर यायचा. एकदा तिनं पोरीच्या ताटातलं उरलेलं उकडलेलं अंडं उचललं, तर धाकटा शांतपणे म्हणाला, "खा. माझ्या दोन मशीनफेऱ्या वाढल्या, बाकी काय." तिनं अंडं परत ठेवलं. आजारी माणसाला सगळं माफ असतं असं म्हणतात. म्हणणारे बहुधा स्वतः आजारी असतात.

तरी ती पायडल मारत राहिली, आणि मग एक सकाळ अशी आली की पूल संपला तेव्हा तिला कळलं, आपण उतरलोच नाही. खाली उतारावर वारा कानात शिरला. पुढे एक दाढीवाला तरुण चालला होता, चांगल्या गिअरच्या सायकलवर. त्याला तिनं मागे टाकलं आणि ती मोठ्यानं हसली. त्या दिवसापासून तिला आपलं अंग आवडायला लागलं. चाळिशी उलटलेल्या बाईनं हे कुणाला सांगावं? रात्री ती आपल्या पोटऱ्या दाबून बघायची, लाकडासारख्या झालेल्या. सासऱ्यांना उचलताना आता धाप लागत नसे. नवरा म्हणाला की तू आजकाल गाणं म्हणत कपडे वाळत घालतेस. माहेरी मात्र या अंगाचा हिशेब एकाच अवयवापुरता होता.

शेवटी एका रविवारी काट्याची सुई लाल टिकलीच्या अलीकडे थांबली. भावजय दोनदा वाकली. "बसली," ती म्हणाली. आईनं देवाला हात जोडले. लेकीला चहा मिळाला, साखरेचा.

त्याच आठवड्यात दवाखान्यात शेवटची तपासणी होती. सकाळी रक्त, लघवी, वजन, सगळं झालं. सगळं उत्तम. दुपारी डॉक्टरीणबाई तिच्याशी एकटीशी बोलणार होत्या, तसा नियमच होता. तोपर्यंत तिथेच मशीनला लागलेल्या धाकट्याला तहान लागली असेल, त्याला मोजकंच पाणी चालतं, म्हणून ती घोटभर पाण्याची बाटली घेऊन त्याच्या वॉर्डात गेली. त्याच्या खाटेभोवती पडदा ओढलेला होता आणि आत आई बोलत होती.

आई म्हणत होती की कशी का होईना, आणली बाई काट्यात. एकदा काढून घेतलं की मग खाऊ दे हवं तेवढं.

धाकटा हसला. बऱ्याच महिन्यांनी हसला असेल. "मग काय, परत गादी," तो म्हणाला. "आपल्याला काय करायचंय, आपलं तर काढून झालेलं असेल."

यात तसं विशेष काही नव्हतं. याहून वाईट तिनं त्याच्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं आणि हसून सोडलं होतं. पण तेव्हा ती पूल न उतरता पार करणारी बाई नव्हती. तिनं बाटली खाटेच्या कडेच्या टेबलावर पडद्याच्या फटीतून सरकवली आणि निघून आली.

डॉक्टरीणबाईंनी दार लावून घेतलं. शस्त्रक्रियेनंतर काही महिन्यांनी पुन्हा सायकल चालवता येईल, असं त्यांनी न विचारता सांगितलं. म्हणजे ती सबबही राहिली नाही. मग त्यांनी विचारलं की तुम्ही मनापासून देताय ना. नसेल तर आत्ता सांगा, घरच्यांना आम्ही फक्त इतकंच सांगतो की या बसत नाहीत. खरं कारण आम्ही कुणालाच सांगत नाही.

बसत नाहीत. तिला तो शब्द दर रविवारी दारात उभी राहून ऐकायची सवय होती. आज तो पहिल्यांदा तिच्या हातात कुणीतरी ठेवला होता.

"मला नाही द्यायची," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी तिची फाईल मिटली. मन बदललं तर केव्हाही या, असं म्हणाल्या आणि बाहेर जाऊन घरच्यांना तेवढंच सांगितलं. नेमकं काय बसत नाही, हे कुणी विचारलंही नाही. गादी बसत नाही म्हटल्यावर कारण शोधायला जातंय कोण! आई बाकावरून उठली आणि लोकांच्या देखत म्हणाली, "रविवारी बसली होतीस. तीन दिवसांत काय गिळलंस? एक काम सांगितलं होतं तुला अख्ख्या जन्मात." भावजय रडायला लागली. तिचं रडणं खरं होतं, आता आपल्या रक्तगटाचा विषय पुन्हा निघेल या भीतीचं.

गादी धाकट्याकडे बघत होती. तो एक शब्द बरा बोलला असता, दमलीस म्हणाला असता, तर ती त्याच पावली आत गेली असती. हे तिचं तिलाच ठाऊक. तो चाकाच्या खुर्चीत मान टाकून बसला होता. त्यानं फक्त विचारलं की कितीनं जास्त भरलं.

"थोडंसंच," ती म्हणाली.

खोटं बोलायचं तर मोठं बोलावं, छोट्या खोट्याला पाय फुटतात. थोडंसंच म्हटल्याबरोबर आईचे डोळे पुसले गेले. थोडंसंच ना, मग महिन्याभरात उतरेल. मार अजून सायकल. रविवारी ये, काटा काढून ठेवते.

आता आली पंचाईत. सायकल तिला सोडवत नव्हती. ती आता तिची होती. आणि सायकल मारली की वजन उतरत होतं, कुणाच्या मनात असो वा नसो. रविवार तर दाराशी उभा. तिनं कारखान्यातल्या भंगारातून स्प्रिंगच्या चौकटीच्या कापलेल्या लोखंडी पट्ट्या वेचल्या. जेवणाच्या सुट्टीत, आपल्याच मशीनवर, जाड कापडाचा दुहेरी कमरपट्टा शिवला, पट्ट्या आत रचल्या आणि कड बंद केली. अशी सुरेख की चाचपूनही कळू नये. रविवारी तो सैल कपड्यांखाली बांधून ती काट्यावर उभी राहिली.

"बसली का?"

"नाही बसत," भावजय म्हणाली.

असे रविवार होत राहिले. गादी आणखी बारीक झाली आणि पट्ट्यात पट्ट्या वाढत गेल्या. चेहरा तेवढा उतरलाय म्हणून आई हळहळायची, आणि हिचं सगळं खाणं कमरेतच कसं जाऊन बसतं म्हणून चिडायची. रोज सकाळी ती पूल न थांबता चढायची, एका खांबापासून थेट शेवटच्या खांबापर्यंत. धाकटा मशीनवर जास्त जास्त वेळ पडून राहू लागला. त्याचा आवाज खोल गेला, जीभ मऊ झाली.

परवाच्या रविवारी तो स्वतः भिंत धरत दारापर्यंत आला. ती काट्यावर उभी होती, लोखंड कमरेत रुतत होतं. भावजयीनं मान हलवली. आई तोंड उघडणार, तोच त्यानं तिला हातानं थांबवलं. मग तो बहिणीच्या खांद्याला धरून उभा राहिला, पोरवयात सायकलवर मागून धरायचा तसा.

"ताई," तो म्हणाला. हा शब्द त्यानं आधी कधी वापरला होता, तिला आठवेना. "तू किती करतेस माझ्यासाठी. मी सगळं बघतोय. सोडू नकोस हं."

ज्या शब्दासाठी ती दवाखान्यात थांबली होती तो हाच. तिनं तो नीट ऐकला, आत कुठे काही हलतंय का बघितलं. फक्त पट्टा टोचत होता.

"प्रयत्न करते," ती म्हणाली आणि काट्यावरून उतरली.

जिन्याखाली येऊन तिनं कमरपट्टा सोडला, हँडलच्या पिशवीत टाकला, आणि उजेड आहे तोवर जरा लांबच्या रस्त्यानं घरी गेली.