सी-व्ह्यू, ब्रेकफास्टसकट

दुबईत आमच्या अल क्वोजच्या गोडाउनमध्ये संगमरवराचे स्लॅब एकमेकांना टेकून उभे असतात. कस्टमरला नेमका सातवा आवडतो आणि त्या एकासाठी पुढचे सहा हलवावे लागतात. आमच्या जेनोआच्या किश्श्यांचंही तेच. चहा पिताना कुणी एखादा काढायला गेलं की बाकीचे अंगावर येतात! त्यात ऑफिसातली जी माणसं इटलीला गेलीच नाहीत, तीच सगळ्यात रंगवून सांगतात. मी प्रत्यक्ष गेले होते. थोडं मीही रंगवते, पण निदान माझ्या पासपोर्टवर शिक्का आहे.

गेलेली माणसं तीनच. साबिरभाई, आमचे मालक, मूळचे रत्नागिरीकडचे. नाईककाका, मालवणकडचे, दुबईत तीस वर्षं दगड तपासतायत; माणसांपेक्षा दगडांशी त्यांचं जास्त बोलणं होतं. आणि मी अनघा, पर्चेस डिपार्टमेंट. डिपार्टमेंट म्हणजे मी एकटीच, पण ईमेलखाली लिहायला बरं दिसतं.

झालं असं, की अल ऐनमधल्या एका व्हिलाच्या हॉलसाठी इटलीहून मागवलेले स्लॅब फोटोत एक आणि पेटीत भलतेच निघाले. घराच्या मालकीणबाई, वयस्कर अरब बाई, गोडाउनवर आल्या, स्लॅबसमोर दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "खलास."

बास. एवढंच बोलून गाडीत बसल्या! हातापाया पडून आम्ही एक शेवटची संधी मिळवली. साबिरभाईंनी फर्मान काढलं, "आता फोटो-बिटो नाही. नाईकचे डोळे घेऊन जाऊ. स्वतः निवडू, कंटेनर भरू, परत येऊ. यल्ला!"

हॉटेलही त्यांनी स्वतःच निवडलं. दुर्दैवाने.

"अगो अनघा, पोर्टला लागून, सी-व्ह्यू, ब्रेकफास्टसकट, एकशे साठ दिरहम! म्हणजे जवळजवळ चार हजार रुपये. चार हजारात आमच्या रत्नागिरीत तरी सी-व्ह्यू मिळतो काय?"

मिळतो. पण मालकांशी वाद कोण घालणार!

*

हॉटेल म्हणजे एका जुन्या इमारतीचा चौथा मजला. फक्त चौथा. पहिल्यावर वकील, दुसऱ्यावर दातांचा डॉक्टर, तिसऱ्यावर कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. लिफ्ट होती, पण आपल्याकडच्या कपाटाएवढी. त्यात एक तर नाईककाका मावत, नाहीतर त्यांची बॅग.

"बॅग म्हातारी झालीय, तिला लिफ्टने जाऊ दे," काका म्हणाले. बॅग आत ठेवली, चारचं बटण दाबलं, हात पटकन बाहेर ओढला आणि जिना चढायला लागले.

बॅग दुसऱ्या मजल्यावरच थांबली, कारण तिथे एका पेशंटने लिफ्ट बोलावली होती. दार उघडतं तर आत एकटीच बॅग! पेशंट ओरडली. पांढऱ्या कोटातला डॉक्टर धावत बाहेर आला. तेवढ्यात काका जिन्याने तिथे पोचले. डॉक्टरने बॅगेकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं. काकांना भाषाही येत नव्हती आणि श्वासही येत नव्हता. ते तोंडाचा मोठा आ करून नुसते धापा टाकत उभे राहिले.

डॉक्टर सवयीने वाकला. आत बघितलं. मग इंग्रजीत म्हणाला, "दोन दाढा काढाव्या लागतील."

*

हॉटेलची मालकीण म्हणजे सिन्योरा. तिथे बाईंना तसंच म्हणतात. साधारण सत्तरीची, उंच, काळ्या फ्रॉकमधली. रिसेप्शन तीच, स्वयंपाकघर तीच, रूम सर्व्हिस नव्हतीच. गिऱ्हाईक आलं की ती अशी बघायची, की आपण खोली मागतोय की तिची मुलगी, असा प्रश्न पडावा.

साबिरभाईंच्या खोलीची खिडकी तिने मोठ्या ऐटीत उघडून दाखवली. समोर क्रेन. क्रेनखाली कंटेनर. कंटेनरमागे आणखी कंटेनर. फार वाकलं, तर दोन कंटेनरांच्या फटीतून रुमालाएवढं निळं काहीतरी दिसत होतं. साडेसहा तास विमान आणि वर ट्रेन करून आम्ही दुबईचंच जेबेल अली बंदर बघायला आलो होतो!

"साबिरभाई, समुद्र कुठाय?" मी विचारलं.

"अगो, क्रेन काय हवेत उभी आहे? तिच्या खाली समुद्रच ना!"

मुलगी घरी शारजात वाट बघत होती म्हणून तिला व्हिडिओ कॉल केला. माझी खोली फिरवून दाखवली: लोखंडी कॉट, भिंतीत बसवलेलं बेसिन, उंचावर एक छोटी खिडकी. मुक्ता म्हणाली, "मम्मा, व्हॉट डिड यू डू?"

*

ब्रेकफास्टला पाकिटातले टोस्ट, जॅम, चीज आणि बोटभर कॉफी. साबिरभाईंनी पहिल्या सकाळी रीतसर चौकशी केली. टोस्टकडे बोट दाखवून सिन्योराला विचारलं, "पोर्क?"

सिन्योराचा चेहरा एकदम उजळला. "सी, सी! पोर्तो!"

साबिरभाईंनी प्लेट लांब सारली. मग चीजकडे बोट. "धिस? पोर्क?"

"पोर्तो! सी!"

जॅमच्या बाटलीकडे बघत त्यांनी अगदी क्षीण आवाजात विचारलं, "इव्हन धिस?"

"पोर्तो, पोर्तो!" आणि दोन्ही हात पसरून सिन्योरा म्हणाली, "तुत्तो पोर्तो!" तुत्तो म्हणजे सगळं, एवढं हातांवरून कळलं.

दोन दिवस मालक घरून आणलेल्या खजुरांवर होते. आम्ही त्यांच्यासमोर टोस्ट खायचो आणि ते आमच्याकडे अशा करुण नजरेने बघायचे, की घास उतरू नये. "इटालियन लोक जॅममध्ये पण घालतात गो," असं त्यांनी फोनवर बायकोला सांगितलंसुद्धा. ती बातमी रत्नागिरीपर्यंत पोचली असणार.

तिसऱ्या सकाळी त्यांनी पुन्हा एकदा, शेवटची आशा म्हणून, विचारलं. या वेळी सिन्योरा वैतागली. त्यांचा दंड धरून तिने त्यांना खिडकीपाशी नेलं आणि क्रेनकडे बोट केलं. "पोर्तो!"

बंदर! बिचारीला वाटत होतं, हा माणूस रोज सकाळी बंदर कुठाय म्हणून विचारतोय.

साबिरभाईंनी त्या दिवशी अकरा टोस्ट खाल्ले. सिन्योराने मोजले.

*

बाथरूममध्ये शॉवरच्या वर एक दोरी लोंबत होती. पांढरी, बारीक, टोकाला एक प्लास्टिकचा लोलक. नाईककाकांना ती फार आवडली. "बघा, म्हणे बजेट हॉटेल! कपडे वाळत घालायची सोय केलीय," असं म्हणून त्यांनी आपला धुतलेला बनियन तिच्यावर टाकला. ओला बनियन जड. दोरी खाली ओढली गेली.

कुठेतरी लांब घंटा वाजायला लागली. काकांनी मनात नोंद केली, इथे जवळच चर्च आहे.

आंघोळ करताना पडलं-बिडलं तर ओढायची ती धोक्याची दोरी. इटलीत म्हणे सगळ्या हॉटेलांत असते. पण आम्हाला कोण सांगणार! अर्ध्या मिनिटात सिन्योरा मास्टर किल्ली घेऊन हजर. मागे तिच्या वयाची शेजारीण, बहुतेक साक्षीदार म्हणून. दोघी थेट बाथरूममध्ये!

काका साबण लावून उभे. हाताशी एकच वस्त्र, तेही दोरीवर. त्यांनी अब्रू वाचवायला बनियन धरून जोरात ओढला.

घंटा आणखी जोरात वाजली. आता वकीलसुद्धा वर आला!

*

हसायचे प्रसंग सोडा, तर काम अवघड होतं. सहा स्लॅब हवे होते, एकाच दगडातले, रेघ एकातून दुसऱ्यात पुढे जाणारी. आणि ते आठवड्याच्या शेवटी बोटीवर चढायला हवे होते. नाहीतर अल ऐनची ऑर्डर गेली, आणि तिच्यामागून आमच्यापैकी कोण कोण जाईल, त्याचा हिशेब प्रत्येकजण मनातल्या मनात करत होता. नाईककाकांचं वय अठ्ठावन्न. गेल्या वेळच्या फोटोंवर "ओके" लिहिणारे तेच होते. त्यावर साबिरभाई त्यांना एका शब्दानेही बोलले नव्हते, आणि काकांना नेमकं तेच लागलं होतं.

दगडाचं यार्ड ट्रेनने दीड-दोन तासांवर. तिथला डीलर गळ्यात स्कार्फ, डोळ्यांवर गॉगल, केसांत इतकं तेल की त्यात पुरी तळता यावी. त्याने स्लॅब दाखवले. आरशासारखे! साबिरभाईंचे डोळे चमकले. मी ऑर्डर फॉर्म काढला.

काकांनी पिशवीतून हॉटेलचा टॉवेल काढला.

तो नळाखाली ओला केला आणि एकेक स्लॅब पुसत गेले. मग एका जागी उभे राहिले. दगड हळूहळू वाळला. सगळीकडे वाळला, पण मधून एक केसाएवढी रेघ ओलीच राहिली.

"इथे फुटलाय," काका म्हणाले.

मी ते इंग्रजीत सांगितलं. डीलर हसला. "ही नॅचरल रेघ आहे, हबीबी." दुबईचं गिऱ्हाईक म्हटलं की हा एवढा अरबी शब्द सगळ्यांना येतो.

"मग उचलून दाखवा," काका म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांना एवढं घाबरलेलं मी पहिल्यांदा बघितलं. चुकले असते तर परतीच्या विमानात मालकांशेजारी बसायचं होतं.

क्रेनने स्लॅब उचलला. जमिनीपासून हातभर वर गेला असेल, टक् असा आवाज आला आणि खालचा अर्धा भाग खाली राहिला.

साबिरभाईंनी त्या दोन तुकड्यांकडे आळीपाळीने बघितलं आणि डीलरला म्हणाले, "हबीबी, नाऊ मोअर नॅचरल."

त्यानंतर डीलरने गॉगल काढला आणि मागच्या शेडमधला खरा माल दाखवला. दोन दिवस काकांनी तो ओल्या टॉवेलने पुसला. सहाच्या सहा स्लॅब वेळेवर बोटीवर चढले. आज ते अल ऐनच्या हॉलमध्ये आहेत. बाई आल्या, दोन मिनिटं उभ्या राहिल्या आणि "खलास" म्हणाल्या. या वेळी हसून!

विमानतळावर साबिरभाईंनी काकांची बॅग स्वतः उचलली होती. त्यांच्याकडून माफी मिळते ती एवढीच.

टॉवेलची चौकशी मात्र हॉटेलवर व्हायची ती झालीच. दर माणशी एक टॉवेल, पापडाएवढा जाड. सिन्योराने काकांचा टॉवेल दोन बोटांत धरून वर केला. तो चुन्यासारखा पांढरा आणि पत्र्यासारखा ताठ झाला होता.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

काकांना पाच दिवसांत एकच इटालियन शब्द आला होता. तो त्यांनी अभिमानाने वापरला. "मार्मो." संगमरवर.

*

त्या एका शब्दामुळे शेवटच्या सकाळी काय झालं ते ऐका.

आम्ही बिल देऊन निघालो होतो. सिन्योराने आम्हाला थांबवलं. स्वतःहून बोलली, हेच मोठं आश्चर्य! माझ्या फोनवरचं भाषांतराचं अॅप मागितलं आणि थांबत थांबत सांगायला लागली. तुम्ही दगडवाले लोक ना? माझ्या छपरातून पाणी गळतं. घरात विकण्यासारखं आता एकच उरलंय.

आणि तिने रिसेप्शनच्या काउंटरवर हात ठेवला.

पांढराशुभ्र काउंटर, त्यात करड्या रेघा. नवऱ्याने बसवला होता, ती म्हणाली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी. ती माहेरी गेलेली असताना, सरप्राइज म्हणून. उत्तम खाणीतला दगड आहे असं त्याने सांगितलं होतं. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली. याची खरी किंमत काय येईल?

आम्ही तिघांनी बघितलं. मला दगडातलं फार कळत नाही, पण कोपऱ्यावर टवका उडाला होता आणि आतून लाकूड दिसत होतं. रेघा हाताने काढलेल्या. एका रेघेत तर ब्रशचा एक केस वार्निशमध्ये अडकून तसाच वाळला होता.

साबिरभाईंनी आयुष्यात कुणाचा खोटा माल खरा म्हणून चालू दिलेला नाही. त्यांनी एकदा काउंटरकडे बघितलं, एकदा सिन्योराकडे, आणि मग ते छपराकडेच बघत बसले.

"नाईक," ते हळूच म्हणाले, "क्वालिटी तुझं खातं."

काका पुढे झाले. चष्मा पुसला. वाकले. तळहात या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, जसा यार्डात फिरवत होते, तितक्याच सावकाश. त्या ब्रशच्या केसापाशी बोट थोडा वेळ थांबलं. मग त्यांनी बोटाने दोनदा वाजवलं. दारावर टकटक केल्यासारखा आवाज आला.

सिन्योरा काउंटरकडे बघतच नव्हती. ती काकांच्या चेहऱ्याकडे बघत होती. मी फोन पुढे धरला.

"बाई," काका म्हणाले, "तीस वर्षं दगड बघतोय. असा एकही बघितला नाही. हा विकू नका."

फोनने ते इटालियनमध्ये वाचून दाखवलं. सिन्योराने दोन्ही हात काउंटरवर सपाट ठेवले आणि न बघताच तिचा अंगठा नेमका त्या ब्रशच्या केसावर गेला. मग खाली मान घालून काहीतरी पुटपुटली. स्क्रीनवर मराठी अक्षरं उमटली.

"मला माहीत होतं."