पाट्या तेवढ्या उभ्या आहेत

मी गाव सोडलं त्या दिवशी एवढा रडलो, की एसटीच्या कंडक्टरने छत्री उघडली. बाबांना विचाराल तर म्हणतील, पाऊस होता. माझी प्रत्येक थाप पकडणं हा त्यांचा जन्माचा धंदा. निरोप देताना मात्र ते एवढंच म्हणाले, "जा रे झिला. काजूची कलमां आसत मागे." त्या वाक्याच्या जोरावर मी मुलुंडमध्ये तीस वर्षं साहेबांशी भांडलो. नोकरी गेली तर गेली, डोंगरावर बाग आहे!

मग एका मार्चमध्ये वणवा आला. दुपारच्या जेवणाला बाग होती, चहाला नव्हती.

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर गावमंडळाची सभा भरली. अर्धं मुलुंड लोटलं. बरं, तेवीस जण होतो, पण आवाज अर्ध्या मुलुंडाचा! ठरलं, की मे महिन्यात जळलेल्या जागी नवी कलमं लावायची आणि प्रत्येक कलमापुढे देणाऱ्याच्या नावाची पत्र्याची पाटी. बाबा फोनवर म्हणाले, "पाऊस लागल्यावर लावा."

"जूनमध्ये पोरांच्या शाळा असतात ना, बाबा!" हे मीच म्हणालो. सगळ्यात मोठ्याने.

बस भरून गेलो. खड्डे खणले, फोटो काढले, वडे-सागोती हाणली. निघताना बाबांनी विचारलं, "ह्यांका पाणी कोण घालतलो?"

"ग्रुपवर टाकतो, काका!" बसमधून कोणीतरी ओरडलं. हशा पिकला. मीही हसलो.

पाणी बाबांनी घातलं. सत्तरीचा माणूस, खालची विहीर, दोन्ही हातांत कळशा. इथे मी काही वाढवून सांगत नाही, वाढवायला जागाच नाही. पंधराव्या दिवशी गुडघा गेला. पाऊस लागेपर्यंत कलमांच्या काटक्या झाल्या. पाट्यांचा रंग मात्र झकास निघाला. लांबून कबरस्तान वाटतं, फक्त नावं सगळी जिवंत माणसांची.

आता गावचं घर बंद आहे आणि बाबा मुलुंडला. येताना पिशवीतून माझी पाटी घेऊन आले. "नाव कित्याक उन्हात ठेवचा?" म्हणाले. ती गॅलरीत वॉशिंग मशीनच्या मागे आहे.

परवा खालचे शेजारी आले. गावाला काय आहे, विचारलं. "काजूची बाग!" मी छाती फुगवून सांगितलं. "डोंगरभर!"

बाबा समोरच बसले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.