पट्टीखालची फट

"जुना लयना का?" हा चाचांचा पहिला प्रश्न. म्हणजे जुना पार्ट आणलात का. गिऱ्हाईक गाडीचं नाव सांगू दे, साल सांगू दे, मोबाईलवर फोटो दाखवू दे, चाचा हात पुढे करून तसेच उभे राहायचे. त्या हातावर जुना, गंजलेला वॉटर पंप पडल्याशिवाय नवा खोका फळीवरून खाली येत नसे.

"बठ्ठा सारखाच दिखतस, भाऊ," ते म्हणायचे, "पन सारखा ऱ्हातस नही." दिसायला सगळे सारखे, पण तसे असत नाहीत.

धुळ्यात त्यांचं जुन्या गाड्यांच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाशी अहिराणी, घरात उर्दू, आणि माझ्याशी जपून शुद्ध मराठी. कारण मी दुकानावरच्या खोलीत भाड्याने राहून बी.ए. करत होतो. आमच्या घरात तोवर कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. माझ्या परीक्षेच्या दिवसांत ते गिऱ्हाइकांना दटावायचे, "आवाज कमी. वर अभ्यास चालू आहे." रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्न त्यांच्या हातात नव्हते, त्याबद्दल ते माझी माफी मागायचे. निकाल लागला तेव्हा दुकानात येईल त्याला पेढा देऊन त्यांनी सांगितलं, "आमचा मुलगा पास झाला." त्यांचा सख्खा मुलगा शेजारीच उभा होता, आणि तो बारावीला दोनदा बसलेला.

"अब्बा, लोक मला मुबारक म्हणतायत," तो म्हणाला.

"मग घे की. फुकट मिळतंय."

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांची सगळी विद्या एखाद्या साध्या वस्तूत असते. चाचांची एका पोलादी फूटपट्टीत होती. जुना आणि नवा पंप काउंटरच्या काचेवर शेजारी ठेवायचे, दोन्हींच्या तोंडांवर पट्टी आडवी टाकायची आणि काचेला जवळजवळ गाल टेकवून बघायचं. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली की नवा पंप उंचीला वेगळा. एकाच गाडीला दोन-तीन तऱ्हेचे पंप येतात. सूतभर फरक असला तरी बेल्ट तिरपा पळतो, झिजून तुटतो, पंप थांबतो आणि इंजिन उकळतं.

चुकीचा पंप गेलाच, तर परत घेताना ते चिडत नसत. पुन्हा पट्टी लावून आपण कुठे चुकलो ते शोधायचे, खोक्यावर खूण करायचे आणि म्हणायचे, "परत आणलंत, उपकार झाले."

मी शिंदखेड्याला शिक्षक झालो. पुढे एक जुनी गाडी घेतली, आमच्या घराण्यातली पहिली. तिचा पंप गळायला लागला, तेव्हा तो काढून, वर्तमानपत्रात गुंडाळून मी धुळ्याला गेलो. मला 'सर' म्हणताना चाचांना फार आनंद व्हायचा. त्यांनी नवा पंप काढला, पट्टी ठेवली, वाकले, बराच वेळ पाहिलं.

"बरोबर आहे, सर."

मी त्यांच्या बाजूलाच उभा होतो. पट्टीखाली उजेडाची बारीक रेघ मला स्वच्छ दिसली. मी बोललो नाही. माझ्या जन्माआधीपासून जे पंप पाहत होते, त्यांना मी काय सांगणार?

शिंदखेड्याच्या मिस्तरीने पंप लावून पाहिला आणि काढून माझ्या हातात ठेवला. "सर, हाऊ पंप तुमनी गाडीना नही. बेल्ट तिरपा पळस. परत दी या."

परत देऊन येणं मला जमलं नाही. ज्यांनी माझ्या अभ्यासासाठी गिऱ्हाइकांना गप्प केलं होतं, त्यांच्या काउंटरवर चारचौघांत त्यांची चूक ठेवायची? शाळेच्या कामासाठी जळगावला गेलो, तेव्हा तिथल्या दुकानातून दुसरा पंप घेतला. चाचांनी दिलेला कपाटात, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यामागे सरकवला.

पुढच्या भेटीत त्यांनी विचारलं, "सर, पंप कसा चालतो?"

"एकदम छान."

चाचा मुलाकडे वळले. "ऐकलंस? डोळे दाखवा, डोळे दाखवा म्हणून माझ्या मागे लागतोस. विचार सरांना." आपण एका म्हाताऱ्या माणसाचा मान राखला, याचं मला घरी येईपर्यंत समाधान वाटत होतं.

सात-आठ महिन्यांनी शाळेत मधल्या सुट्टीत त्यांचा फोन आला. "सर, एक मिनिट. आवाज मोठा केलाय, सगळे ऐकतायत." मागून नरडाण्याचा एक गाडीवाला तावातावाने बोलत होता. त्याचा बेल्ट तुटला होता, इंजिन बसलं होतं. "चाचा, आता पट्टी ठेवा नि काठी धरा," तो म्हणत होता. चाचांचा आवाज शांत होता.

"थांबा भाऊ. हाच पंप, याच गाडीसाठी, मी सरांना दिलाय. सर खोटं बोलणार नाहीत. सर, सांगा यांना. तुमचा चालतो ना?"

शिक्षकखोलीत बाकीचे डबे खात होते. मी म्हणालो, "चाचा, तो बसला नव्हता. मी दुसरा घेतला."

मग चाचा "बरं" म्हणाले आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी मी तो पंप घेऊन गेलो. त्यांनी तो नरडाण्यावाल्याच्या जुन्या पंपाशेजारी ठेवला, पट्टी टाकली. वाकले मात्र नाहीत. पट्टीखालून अंगठ्याचं नख सरकवलं. नख आत गेलं.

"एक सूत," ते म्हणाले. "तुम्हाला दिसलं होतं?"

"हो."

"पोरं माझा मान ठेवतात, गिऱ्हाईक मान ठेवतं. मला वाटलं, तुम्ही शिकलात, तुम्ही बोलाल."

त्याच आठवड्यात ते मुलाबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. ते म्हणाले, काही महिने आधी आला असतात, तर उरली होती ती टिकली असती. हे मला त्यांच्या मुलाने सांगितलं, काही न सुचवता, नुसतं सांगायचं म्हणून. शिंदखेड्याहून धुळे तासाभराचं आहे. पंप कपाटात होता.

दुकान आता मुलगा चालवतो. कॉम्प्युटरमध्ये नंबर टाकतो, पार्ट देतो. चाचा शेवटी जळगावला मुलीकडे राहायला गेले. मी एकदाच भेटायला गेलो. मी येताच त्यांनी विचारलं, "गाडी घेऊन आलात?" मग खाली यायचा हट्टच धरला. मी इंजिन चालू केलं. ते बॉनेटवर तळवा ठेवून ऐकत राहिले.

"पंप कुठला?"

"इथलाच, चाचा. जळगावचा."

"चांगला दिला त्याने."

त्या बोलण्यात टोमणा असेल म्हणून मी वाट पाहिली. नव्हता. मी इंजिन बंद केलं, तरी त्यांचा हात बराच वेळ तिथेच होता. मग ते घराकडे वळले, एक हात पुढे धरून, सावकाश, पण जिना सोडून भिंतीच्या दिशेने. मी गाडीतून उतरतच म्हणालो, "चाचा, चुकताय. डावीकडे."

ते थांबले. "हां," म्हणाले, आणि डावीकडे वळले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. हिवाळ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला, अब्बा गेले म्हणून.