वाळूनं बसवलेली मूठ

साखरशेत पाड्यावरच्या वाळू नावाच्या कारागिरानं बसवलेली मूठ निघाली असं कुणी म्हटलं, तर ऐकणारा आधी म्हणणाऱ्याच्या तोंडाचा वास घेई. कोयता आणा, विळा आणा, कुऱ्हाड आणा. वाळू लोखंडाचं शेपूट निखाऱ्यात लाल करी आणि धामणीच्या लाकडात जाळत जाळत ठोकी. मग त्या दोघांची फारकत सरणावरच.

एवढं करून वाळूची वेठ काही सुटली नव्हती. जव्हारच्या आबासाहेब सरदारांनी मुंबईहून तांबडी, दोन माणसांची, शर्यतीतली मोटार आणली होती. सपाटीवर ती सुसाट पळे आणि मोखाड्याकडच्या चढावर म्हाताऱ्या रेड्यासारखी फतकल मारून बसे. भोंगा वाजला की साखरशेतच्या माणसांनी हातातलं काम टाकून ढकलायला धावायचं. वर शिव्याही खायच्या. वाळूला त्या भोंग्याची मनापासून चीड होती.

एका उन्हाळ्यात गिअर टाकताना दांड्यावरचा पितळी गोळा तडकून सरदारांच्या हातात आला. त्यांनी तो रागानं दरीत भिरकावला आणि उघड्या दांड्यावर तळहात सोलून घेतला. नवा गोळा विलायतेहून यायचा होता आणि व्याह्यांना तर चार दिवसांनी मोटारीतून फिरवायचं कबूल केलेलं. ड्रायव्हर मधुनं वाळूचं नाव सुचवलं.

वाळू आला आणि पहिलंच बोलला, "राजा, तुझा हात दे."

सरदारांना एकेरीत बोलायची कुणाची छाती नव्हती. पण मापाशिवाय वाळू बायकोलाही विळा देत नसे. सरदारांनी नाइलाजानं पुढे केलेला हात त्यानं उलटासुलटा करून पाहिला.

"यानं कधी काम केलेला नाय. बारकी मूठ पुरंल."

"टिकली तर काय घेशील?" सरदारांनी दात-ओठ खात विचारलं.

"माझी मूठ गाडीवर हाय तवर आमचा पाडा गाडी ढकलणार नाय."

लाकडाचा तुकडा टिकून टिकून किती टिकणार! सरदारांनी चार लोकांसमोर शब्द दिला.

मधुनं दांडा सोडवून दिला आणि भाकरी खायला गेला. परत येऊन बघतो तर वाळूनं दांड्याच्या टोकाचे आटे कानशीनं साफ घासून टाकलेले. कोयत्याला असतं तसं चौकोनी शेपूट काढून ते निखाऱ्यात घातलेलं.

"अरे गाढवा, त्या आट्यांवर गोळा फिरवून बसवतात!"

"फिरवून बसवलेला फिरून निघतो," वाळू म्हणाला. "तसला काम मी करत नाय."

धूर निघाला, लाकूड चरचरलं, मूठ बसली. मधु मूग गिळून राहिला, कारण सांगितलं असतं तर आधी त्याचीच चामडी लोळवली गेली असती.

व्याही फिरून आले, खूश झाले. पुढे पावसाच्या तोंडावर हस्तिदंती गोळा आला. आपण दिलेल्या शब्दातून सुटायची सरदारांना भारी घाई होती.

"काप ते लाकूड," त्यांनी मधुला फर्मावलं.

मधुनं पाय धरले आणि सगळं ओकून टाकलं. लाकूड कापलं तर आत गोळा बसायला आटाच नाही. नवा दांडा मागवावा, तर तो नव्यानं घडवून बोटीनं यायला वर्ष जाणार. तोवर मोटार फिरवायची म्हणजे वाळूची मूठ हातात धरणं आलं. सरदारांनी मधुला यथेच्छ शिव्या घातल्या, पण लाकूड कापलं नाही.

लावणीच्या दिवसांत चढावरून भोंगा वाजला. सवयीनं चारजण खाचरातून बाहेर निघाले, तर वाळूनं त्यांना खेचून परत चिखलात उभं केलं. भोंगा बराच वेळ कोकलला आणि थकला. मग मधु स्टिअरिंगवर बसला आणि आबासाहेब सरदार स्वतः खाली उतरले. फेटा सावरत त्यांनी मोटारीच्या ढुंगणाला दोन्ही हात टेकले. बूट घसरत होते, मोटार ढिम्म हलत नव्हती.

वाळूचा आनंद पोटात मावेना. पण कामाची ती भिकार पद्धतही त्याला बघवेना. बांधावर चढून तो ओरडला,

"हातानं नाय, राजा! खांदा लाव, खांदा!"